उजव्या हाताचं कुंपण

टिंग.

फोन वाजला नव्हता. भिंतीवरच्या काळ्या डब्याला कुणी नखानं टिचकी मारावी, तेवढाच आवाज. बाळ झोपलेलं, चुलीवरचं पाणी अजून बोलायला लागलेलं नव्हतं, म्हणून तो ऐकू आला. सोल्वेनं हातातलं दुधाचं गाळणं खाली ठेवलं आणि एप्रनला हात पुसले.

खोऱ्यातल्या चार घरांत मिळून टेलिफोनची एकच तार होती. एका घरानं आकडा फिरवला की बाकीच्यांच्या घंटेला हिसका बसायचा. बाकीचे त्याला कंटाळले होते. शेजारच्या बर्निस हाउग्रुडनं मात्र त्याचा उपयोग करून घेतला होता. शनिवारी सकाळी, धारा आणि गोठा उरकला की ती एकच आकडा फिरवायची आणि फोन ठेवून द्यायची. त्याचा अर्थ, कॉफी ठेवली आहे, यायचं तर ये.

सोल्वेनं बाळाला, टिल्डाला, कडेवर घेतलं. सहा वर्षांच्या मारितला बूट घालायला सांगितले. बर्फ वितळून तीन आठवडे झाले होते, तरी रस्त्याच्या कडेचा चिखल बूट सोडत नव्हता. एका हातात टिल्डा आणि दुसऱ्या हातानं मारितचा रुतलेला पाय उपसत ती शेजाऱ्यांच्या दारात पोचली.

"हिला काय उकडलेले बटाटे चारतेस का गं?" टिल्डाला घेता घेता बर्निस म्हणाली. "माझा हात उतरला." बर्निस साठीला आलेली. आठवड्याचे पाच दिवस गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचं जेवण करायची आणि शनिवारी दमले म्हणायच्या ऐवजी पाव भाजायची. नवरा ओडेल खिडकीपाशी ताठ बसला होता. पाठीला चामड्याचा रुंद पट्टा. चार वर्षांपूर्वी गवताच्या माळ्यावरून पडला, तेव्हापासून वाकणं संपलं होतं.

ओडेल म्हणाला, यंदा जमीन गोठून फुगली, थंडीनं खांब फार उचललेत, कुंपण बघायला हवं. एक-दोन दिवसांत येतोच, आपल्या वाट्याचं आपणच बघणार.

"चार वर्षं येतोयस," बर्निस म्हणाली. "कुंपण बिचारं वाट बघून म्हातारं झालं."

ओडेल हसला. सोल्वेही हसली आणि तिनं कॉफीत बघितलं.

दोन्ही शेतांच्या मधल्या त्या कुंपणाची वाटणी सोल्वेच्या नवऱ्याच्या, आर्लनच्या, पणज्यापासून चालत आली होती. दोघा शेजाऱ्यांनी बरोबर मध्यावर यायचं, तारेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहायचं आणि उजवा हात पसरायचा. उजव्या हाताकडचं अर्धं ज्याचं त्याचं. कागद नाही, सही नाही. मारितला तिच्या बापानं उजवा हात कुठला हे तिथंच उभं करून शिकवलं होतं. ओडेल पडला त्या वर्षी आर्लननं आपला अर्धा भाग नीट केला आणि चालत चालत ओडेलचाही करून आला. पुढच्या वर्षीही. घरी येऊन बोलला नाही, ओडेलनंही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. इथं उपकार करायचा तो समोरच्याची पाठ वळलेली असताना. तोंडावर केला तर तो अपमान.

यंदा आर्लननं स्वतःचा भाग एप्रिलातच उरकला होता. ओडेलचा ओटची पेरणी झाली की करायचा, असं मनात होतं.

*

बुधवारी संध्याकाळी एक गाय विताना अडली. आर्लन गोठ्यात होता म्हणून कालवडींवर नजर टाकायला सोल्वे गेली. सोमवारीच त्यांना चरायला सोडलं होतं. सहा महिने गोठ्यात काढून बाहेर आलेल्या कालवडी, त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. शेपट्या वर करून नुसत्या उधळत होत्या. पिकअपमध्ये शेजारी मारित आणि सीटवर दुलईत गुंडाळलेली टिल्डा.

जुन्या ओकच्या झाडापाशी खांब कलला होता. थंडीनं मुळासकट उचललेला, दात हलावा तसा. वरच्या दोन तारा खाली लोळत होत्या. कालवडी तिथून तीस पावलांवर. पलीकडं ओडेलचा लसूणघास, घोट्याइतका, आणि त्याच्या पुढं रस्ता. रस्त्याच्या बाजूला कुंपण नव्हतं, घासाच्या शेताला कोण कुंपण घालतं.

हा भाग ओडेलच्या उजव्या हाताचा.

गाडीत तार नव्हती. तार ताणायचं हत्यार दोन घरांत मिळून एकच होतं, अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेलं, आणि या घटकेला ते ओडेलच्या शेडमध्ये होतं. त्याच्या घरचा दिवा इथून दिसत होता. दोन शेतं ओलांडली की झालं. पण हत्यार मागायचं तर कशाला हवं ते सांगावं लागणार. तुमचं कुंपण पडलंय म्हणायचं. मग तो पट्टा आवळून निघणार, बर्निस त्याला अडवणार, तो ऐकणार नाही, आणि अंधार पडेपर्यंत एक म्हातारा वाकता येत नसताना वाकत राहणार. टिल्डानं रडायला सुरुवात केली. सोल्वेच्या अंगावरचा शर्ट दोन ठिकाणी ओला झाला.

सीटखाली गवताचे गठ्ठे बांधायच्या सुतळीचा गुंता असतोच. नारिंगी, प्लास्टिकची. ती तिनं तिपदरी केली, दोन्ही तारा खांद्यानं वर रेटल्या, खांबाला आणि ओकच्या बुंध्याला धरून आवळल्या. गाठ बसायला तिसरा हात हवा होता.

"मारित, इथं बोट ठेव. दाबून."

मारितनं गाठीवर बोट ठेवलं, जीभ दातात धरून.

"काढू?"

"थांब."

"आता काढू?"

"आता काढ."

काढता काढता बोटाचं टोक गाठीत चिमटलं. लाल रेघ उठली. मारितनं ती उजेडाकडं धरून बघितली. दुखलं का, असं सोल्वेनं विचारलं तर म्हणाली, "नाही. मी धरली म्हणून बसली ना गाठ?"

"तूच धरलीस."

गोठ्यात आर्लनचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता. तोंड घामानं चकाकत होतं. तिनं सांगितलं, ओकपाशी तार पडलीय, सुतळीनं बांधून आले. त्यानं मान हलवली. "सकाळी बघतो." बर्निसला फोन करावा असं तिच्या एकदा मनात आलं. मग वाटलं, सकाळी आर्लन तार घालणारच, म्हाताऱ्याला उगाच कशाला लाजवायचं.

*

सकाळी धुकं इतकं, की गोठ्यातून घर दिसत नव्हतं. दूध काढायच्या यंत्राची धकधक चालू होती, त्यामुळं आवाज नीट कळला नाही. ट्रकची फळी पडावी तसं काहीतरी. आर्लननं मान वर केली. मग एक गाडीचा भोंगा वाजायला लागला आणि थांबेना.

बर्निस रोज पावणेसहाला शाळेत जायला निघायची. दोघं रस्त्यावर धावत आली, तर तिच्या गाडीचं तोंड चरात होतं, पुढची काच नव्हती आणि तिथून काळी कालवड अर्धी आत आली होती. आर्लननं तारा उपटून भोंगा बंद केला. बर्निस शुद्धीवर होती. तोंड पिठासारखं पांढरं. कमरेखालचं सोल्वेला दिसत नव्हतं आणि तिनं बघायचा प्रयत्नही केला नाही. तुटलेल्या काचेतून हात घालून तिचा हात धरला.

"तुमची होती का गं?" बर्निसनं विचारलं. "आर्लनला सांग, मला दिसलीच नाही. चांगली कालवड मारली मी तुमची."

"बोलू नका."

"पावाचं पीठ कालच भिजवून ठेवलंय शाळेत. कुणाला तरी सांग. फुगून बाहेर येईल."

ओडेल शेतातून चालत आला. पट्टा न लावता, दोन्ही हात पुढं करून, काळोखात चालावं तसा. ॲम्ब्युलन्स यायला पस्तीस मिनिटं लागली.

खुब्याचा चुरा झाला होता. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला होता. गावच्या दवाखान्यानं तिला मॅडिसनच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

*

मंगळवारी आर्लनच्या विमा कंपनीचा माणूस आला. डनमायर नाव, स्वच्छ बूट, आणि चिखलातून येताना ते खराब झाल्याबद्दल त्यानं स्वतःच माफी मागितली. वाईट माणूस नव्हता. वडिलांचं शेत होतं म्हणाला. टेबलावर बर्निसचं निळं भांडं होतं, तळाला चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात नाव. ईस्टरच्या जेवणाच्या वेळी इकडं राहिलेलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून सोल्वेनं त्यात बटाटे आणि मांस भरून भाजलं होतं, ओडेलकडं न्यायला.

"हे त्यांच्याकडं नेऊ नका," डनमायर म्हणाला.

"जेवण आहे," सोल्वे म्हणाली.

"तेच म्हणतोय. उद्या कुणीतरी विचारेल, का नेलंत? तुम्हाला अपराधी वाटलं म्हणून का? भेटू नका, फोन करू नका. आणि 'माफ करा' हा शब्द तर अजिबात नको."

मग त्यानं समजावून सांगितलं, वहीवर रेघा ओढत, मास्तरांसारखं. कायदा फक्त चार गोष्टी विचारतो. काळजी घ्यायचं काम कुणाचं होतं. ते कुणी नीट केलं नाही. त्यामुळंच हे घडलं का. आणि नुकसान काय झालं. चौथ्याचं उत्तर मॅडिसनला झोपलंय, तिसरं रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलं. उरली पहिली दोन. कुंपण ओकपाशी मोडलं. ओक हाउग्रुडच्या वाट्यात. ती जमीन नवराबायको दोघांच्या नावावर आहे, तेव्हा चूक त्यांच्याच घरची धरतील, आणि ज्याची स्वतःची चूक मोठी त्याला दुसऱ्याकडून काही मिळत नाही.

"म्हणजे बर्निसला काहीच नाही?" आर्लननं विचारलं.

"विम्याकडून नाही."

"आणि समजा," आर्लन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "समजा शेजाऱ्यानं कधी त्याच्या वाट्याची तार नीट केली असेल?"

डनमायरनं पेन्सिल खाली ठेवली.

"दुसऱ्याचं काम करायला तुम्ही बांधील नसता," तो सावकाश म्हणाला. "पण एकदा अंगावर घेतलंत, आणि तो तुमच्यावर विसंबून राहिला, तर मग ते नीट करावं लागतं. अर्धवट केलंत तर ती तुमची चूक. कालवडी तुमच्या, मोडलंय हे तुम्हाला माहीत, आणि तरी... तसं असतं तर विमा पैसे देईल. पण एवढ्या मोठ्या दुखण्याला तो पुरायचा नाही. उरलेलं या घरावर, या जमिनीवर येईल. तसं काही आहे का, मी आज विचारत नाहीये. कुंपणाचे फोटो काढलेत, तिथं आता नवी तार आहे. जबाब घ्यायला जूनमध्ये येईन. तेव्हा विचारीन."

त्याची गाडी गेल्यावरही दोघं बसून होती. सोल्वेनं विचारलं, नवी तार तू घातलीस? आर्लन म्हणाला, नाही. त्या सकाळनंतर तो ओककडं गेलाच नव्हता. तिकडं बघायचंही टाळत होता.

"मी काहीच केलं नसतं तर," ती म्हणाली. "खाली पडलेल्या तारा बघून तशीच घरी आले असते आणि गप्प बसले असते..."

"तर आपण सुटलो असतो."

"आणि बर्निस?"

आर्लननं निळ्या भांड्याचं झाकण उघडलं, बंद केलं. या घरात त्याचा आजा जन्मला होता. छपराच्या तुळईवर पणज्यानं कुऱ्हाडीनं घर बांधल्याचं साल कोरलं होतं. "तो आपला वाटा नाही, सोल्वे. मी एवढंच म्हणतो. विचारेल तेवढ्याचं उत्तर द्यायचं."

संध्याकाळी ते जेवण त्यांनीच खाल्लं. मारितनं दोनदा घेतलं. भांडं धुऊन सोल्वेनं फळीवर ठेवलं, नाव भिंतीकडं करून.

*

त्यानंतर फोन रोज टिंग करायचा, सकाळी आणि संध्याकाळी. ओडेल मॅडिसनला आकडा फिरवत असे. मारित सुरुवातीला धावायची, कॉफी कॉफी करत. मग धावायची थांबली. चर्चमध्ये ओडेल डावीकडच्या बाकांवर बसायचा, सोल्वे आणि आर्लन उजवीकडच्या. प्रार्थनेनंतर हात मिळवायच्या वेळी मधली वाट ओलांडायला कुणी उठत नव्हतं. लोक बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आर्लननं आपला घास कापला. ओडेलचा घास उभाच राहिला, फुलावर आला, जांभळा झाला. तयार घास उभा बघून आर्लनचे हात शिवशिवायचे. पण तिकडं यंत्र न्यायचं नाही, असंही डनमायरनं सांगितलेलं होतं. त्याच आठवड्यात चर्चच्या बायकांकडून कळलं, बर्निसला चालायला शिकवायचं ठिकाण वेगळं आहे, तिथं सहा महिने राहावं लागतं, आणि ओडेल गाई विकायचं बघतोय. तरी पुरेल असं दिसत नाही. नाहीतर तिला अशीच घरी आणणार, खाटेवर.

सोल्वे एका दुपारी ओककडं गेली. टिल्डा पाठीवर बांधलेली, मारित पुढं. आपण कशासाठी जातोय ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. खांब सरळ केलेला होता. तारा ताणून बसवलेल्या, खिळे नवे. वाकता येत नसलेल्या माणसाचं काम, खालचे खिळे तिरपे गेलेले.

ती मध्यापर्यंत चालत आली, तेव्हा पलीकडच्या घासातून ओडेल येताना दिसला. तारेच्या त्या बाजूला तो थांबला. महिनाभरात गळ्याभोवतीची कातडी सैल झाली होती. मारितनं सवयीनं उजवा हात पसरला. ओडेलनं ते बघितलं, आणि पट्ट्याच्या वर जेवढा उचलता येईल तेवढा आपलाही उचलला.

"कशा आहेत?" सोल्वेनं विचारलं. विचारायला मनाई होती.

"नर्सना पाव कसा भाजायचा ते शिकवते," ओडेल म्हणाला. "त्यांना जमत नाही म्हणे."

मग त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमालात नारिंगी सुतळी होती, तिपदरी, एका टोकाला सुटलेली गाठ. प्लास्टिकची सुतळी धुक्यात ओली झाली की साबणासारखी निसटते. ओडेल जुन्या पद्धतीचा, अजून घायपाताचीच वापरायचा. नारिंगी सुतळी खोऱ्यात एकाच घरात होती.

"त्याच सकाळी काढली. ॲम्ब्युलन्स गेल्यावर," तो म्हणाला. "लाज वाटली. माझ्या वाट्याची तार, आणि तान्हं पोर घेऊन तुला बांधावी लागली."

सोल्वेनं मारितला जवळ ओढलं.

"आमचा वकील म्हणतो, तुमच्या घरातलं कुणी तिथं हात लावला असेल तरच बर्निसला काही मिळेल. मला विचारलं त्यानं. मी म्हटलं, मी कुणाला बांधताना पाहिलं नाही. ते खोटं नाही. पाहिलं नव्हतंच." त्यानं सुतळी तारेवरून पुढं केली. "हे तुझं आहे. ठेवून घे नाहीतर जाळून टाक. तुला विचारतील तेव्हा तू काय सांगायचं, ते मी सांगणार नाही. मी सांगणं बरोबर नाही."

"ओडेल, मी फोन करायला हवा होता."

"हो," ओडेल म्हणाला. "आणि मी कुंपण बघायला हवं होतं."

तो वळला. घास त्याच्या मांड्यांना लागत होता. मारितनं विचारलं, यांचा घास कापत का नाहीत? सोल्वे म्हणाली, चल.

सुतळी तिनं एप्रनच्या खिशात टाकली. संध्याकाळी चुलीत घालायला म्हणून काढली, तर प्लास्टिकचा वास घरभर होईल, मुलींच्या छातीत जाईल, म्हणून परत खिशात ठेवली. आठवडाभर ती तशीच होती. एप्रन धुवायच्या वेळी काढायची आणि वाळला की पुन्हा त्यातच.

*

डनमायर आला तेव्हा पंधरा जून होता. सकाळपासून उकडत होतं. आर्लनचा जबाब आधी झाला, दहा मिनिटांत. तो बाहेर गेला आणि घण घेऊन काहीतरी ठोकत बसला. ठोकायचं काहीच नव्हतं.

टेपरेकॉर्डर मेणकापडावर ठेवला होता, पावाएवढा. सोल्वे समोर बसली. मारित टेबलाच्या टोकाला वाटाणे सोलत होती, तिला बाहेर पाठवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, पण बाहेर आर्लन होता आणि त्याचं तोंड बघवत नव्हतं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

तिनं सांगितलं. लग्नाला किती वर्षं झाली, गाई किती, कालवडी कधी सोडल्या. फीत फिरत होती, वाटीत वाटाणे पडत होते. कुंपणाची वाटणी कशी आहे? तिनं सांगितलं. ओक कुणाच्या भागात येतो?

"ओडेलच्या."

"त्या दिवसापूर्वी, त्या वर्षी, ओकजवळच्या तारांना तुम्ही, तुमच्या पतींनी, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी हात लावला होता?"

झोपायच्या खोलीत टिल्डा जागी झाली. आधी कुरकुर, मग भोकाड. सोल्वेच्या छातीत कळ आली आणि दूध उतरलं, दोन्हीकडून. ती हात आडवे धरून बसली. एप्रनच्या खिशात सुतळी मांडीला टोचत होती. ती बाहेर काढून मेणकापडावर ठेवली की झालं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. बर्निस पुन्हा चालायला लागेल. आणि छपराच्या तुळईखाली दुसरं कुणी झोपेल, मारितला कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी भाड्याच्या घराच्या जिन्यावर मोठं व्हावं लागेल. बाहेरचा घण थांबला होता. आर्लन ऐकत होता.

डनमायरनं तिच्याकडं बघितलं नाही. तो फिरत्या फितीकडं बघत होता. बहुधा जाणूनबुजून.

"नाही," ती म्हणाली.

"घरातल्या कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

खट्. त्यानं बटण दाबलं. चामडी पिशवीत यंत्र ठेवताना तो म्हणाला, ताई, बाळ रडतंय, जा तुम्ही. दारापाशी वळून त्यानं आणखी काहीतरी सांगायचं मनात आणलं असावं, पण टोपी घातली आणि गेला. आर्लन आत आला नाही. घण पुन्हा सुरू झाला, आता सावकाश.

सोल्वेनं टिल्डाला आणून अंगावर घेतलं. बाळ अधाशासारखं पिऊ लागलं, मधेच उसासत, मूठ तिच्या गळ्यावर ठेवून. मेणकापडावर रेकॉर्डरच्या चार पायांचे चार ठसे होते. ते हळूहळू भरून येत होते.

टिंग.

ओडेल आकडा फिरवत होता. मारितनं फोनकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं वाटाण्याची शेंग खाली ठेवली होती आणि उजव्या हाताचं पहिलं बोट डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. रेघ कधीच पुसली गेली होती. तिनं बोट उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं.

"आई," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. हरवलेलं काही शोधताना विचारावं, तसं तिनं विचारलं. "मग मी बोट कशावर ठेवलं होतं?"